मंद स्वराचें सामर्थ्य

संगीताची थोरवी आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून नसते, हें तत्त्व तोंडानें सर्वजण मान्य करतात. आचरणांत मात्र बहुधा उलट अनुभव येतो. लग्नाची वरात असो, उत्सवाची मिरवणूक असो, अथवा शाळेचें स्नेहसंमेलन असो, ध्वनिक्षेपकाचा आवाज जितका मोठा तितका समारंभ थाटाचा, अशी समजूत आपल्याकडे रूढ होऊन बसली आहे. वर्गांतही जो मुलगा मोठ्यानें उत्तर देतो त्याचेंच उत्तर बरोबर असावें असें इतरांस क्षणभर वाटून जातें. ही समजूत पारखून पाहण्यास उपयोगी पडेल असें एक उदाहरण आम्ही या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. कॅनडा देशांतील चार तरुणांनीं आपला आवाज मुद्दाम लहान केला, आणि त्या लहान आवाजानेंच त्यांनीं देशोदेशींच्या श्रोत्यांचें लक्ष वेधून घेतलें. तें त्यांस कसें साधलें, त्यांत शास्त्राचा भाग किती व स्वभावाचा किती, आणि त्यांचें सर्वच वर्तन अनुकरणीय होतें काय, याचा विचार आपण क्रमानें करूं.

चौघांचा मेळ

या वादकवृंदाचें नांव 'काउबॉय जंकीज' असें आहे. 'काउबॉय' म्हणजे घोड्यावर बसून गुरें राखणारा अमेरिकन गुराखी, आणि 'जंकी' म्हणजे अमली पदार्थांच्या आहारीं गेलेला मनुष्य. हें नांव वाचून एखाद्या पालकाच्या कपाळास आठी पडली तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. परंतु लोकांचें लक्ष वेधील असें कांहीं तरी नांव पाहिजे, एवढ्याच हेतूनें तें निवडलें गेलें. त्यांत दुसरा गूढार्थ नाहीं. पुस्तकाची किंमत जशी पुठ्ठ्यावरून करूं नये, तशी या वृंदाची किंमत त्याच्या नांवावरून करूं नये, एवढेंच सांगून आम्ही पुढें जातों.

वृंदाची स्थापना १९८५ सालीं टोरोंटो शहरीं झाली. मायकेल टिमिन्स हा गिटार वाजवणारा व पुढील काळांतील बहुतेक गीतांचा कर्ता. मार्गो ही त्याची धाकटी बहीण, गायिका. पीटर हा त्याहून धाकटा भाऊ, तालवाद्यें सांभाळणारा. आणि ॲलन अँटन हा मायकेलचा बाळपणापासूनचा मित्र, खर्जाची, म्हणजे बास गिटार वाजवणारा. यांपैकीं मायकेल व ॲलन यांनीं पूर्वीं आपलें नशीब अजमावून पाहिलें होतें. १९७९ सालीं त्यांनीं 'हंगर प्रॉजेक्ट' नांवाचा एक वृंद काढला, न्यूयॉर्क गांठलें, पुढें लंडनमध्यें जाऊन 'जर्मिनल' या नांवानें दुसरा वृंद उभारला. त्या वेळचें त्यांचें संगीत कर्कश, प्रयोगशील व सामान्य श्रोत्यास न मानवणारें असें होतें. दोन्ही प्रयत्नांस म्हणावें तसें यश आलें नाहीं, आणि ते दोघे परत घरीं आले. मार्गो स्वभावानें बुजरी. गाणें हाच आपला व्यवसाय व्हावा असें तिच्या मनांतही नव्हतें. भावानें विचारलें म्हणून ती गाऊं लागली. तात्पर्य, ज्यांस जन्मजात कलावंत म्हणावें अशीं हीं माणसें नव्हतीं. एक अपयश पदरीं असलेली जोडी आणि घरांतील दोन नवखीं भावंडें, एवढेंच त्यांचें भांडवल होतें.

ब्लूज म्हणजे काय?

या चौघांनीं आरंभीं जें संगीत हातीं घेतलें, त्यास 'ब्लूज' असें म्हणतात. त्याची थोडी माहिती दिल्यावांचून पुढील हकीकत नीट कळणार नाहीं.

अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय शेतमजुरांची हलाखी कायद्याबरोबर संपली नाहीं. कापसाच्या मळ्यांत राबतांना म्हटलेलीं श्रमगीतें, एकानें दिलेली हांक व इतरांनीं तिला दिलेली साद, आणि उपासनेच्या वेळीं गायिलेलीं भक्तिगीतें, अशा अनेक झऱ्यांचें पाणी एकत्र येऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा गीतप्रकार आकारास आला. त्याची रचना साधी आहे. बहुधा चार चार मात्रांच्या बारा विभागांचें एक आवर्तन असतें व त्यांत तीन ओळी बसतात. पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच म्हणावयाची, आणि तिसरींत तिला उत्तर द्यावयाचें. गांधार व निषाद हे स्वर धड शुद्धही नाहींत व धड कोमलही नाहींत, अशा मधल्या जागीं लावले जातात. त्या दोहोंमधील ओढींतच या गाण्याची खरी कळ सांठलेली असते. आपल्याकडील ज्यांनीं मींड ऐकली आहे त्यांस ही ओढ ओळखीची वाटेल.

या प्रकारांतील थोर गायकांत रॉबर्ट जॉन्सन याची गणना होते. मिसिसिपी राज्यांत १९११ सालीं त्याचा जन्म झाला. १९३६ सालीं सॅन अँटोनिओ येथें व १९३७ सालीं डॅलस येथें त्याचें गायन ध्वनिमुद्रित झालें, आणि त्यांतून २९ गीतें मागें राहिलीं. १९३८ सालीं, अवघ्या २७ व्या वर्षीं, तो वारला. एक मनुष्य, एक गिटार आणि समोर एक मायक्रोफोन, एवढ्या सामग्रीवर झालेलें तें काम अर्धें शतक लोटल्यावर टोरोंटोच्या तरुणांच्या कानीं पडलें व त्यांच्या मनांत घर करून बसलें.

शेजाऱ्यांची तक्रार

या मंडळींनीं टोरोंटोंत एक घर भाड्यानें घेतलें होतें. घराला जोडून मोटार ठेवण्याची लहानशी खोली होती. तेथें त्यांची तालीम चाले. वस्ती दाट, घरास घर लागलेलें. साहजिकच वाद्यांच्या आवाजाचा शेजाऱ्यांस त्रास होऊं लागला व तक्रारी येऊं लागल्या.

अशा प्रसंगीं तरुणांस दोन वाटा सुचतात. शेजाऱ्यांशीं भांडावें, ही एक; आणि कला सोडून द्यावी, ही दुसरी. यांनीं तिसरी वाट धरली. त्यांनीं आवाज उतरवला. पीटरनें लांकडी काठ्या बाजूस ठेवून तारांचे कुंचले हातीं घेतले व त्यांनीं तो ड्रमवर ताल धरूं लागला. गिटारचा ध्वनिवर्धक अगदीं खालीं आणला गेला. वाद्यें खालीं आल्यावर त्यांच्या वर चढण्यासाठीं मार्गोला ओरडण्याचें कारण उरलें नाहीं; ती जवळच्या माणसाशीं बोलावें तितक्याच आवाजांत गाऊं लागली. आणि मग जें कोणीं योजिलें नव्हतें तें घडलें. त्या मंद स्वरांत तिच्या आवाजाचे जे बारकावे होते ते ऐकूं येऊं लागले. श्वास, शब्दाच्या शेवटीं येणारी किंचित् थरथर, दोन ओळींमधील शांतता, हीं सर्व गाण्याचा भाग बनलीं. दुसरें असें कीं, स्वतःचें वाद्य हळू वाजवूं लागल्यामुळें प्रत्येकास दुसऱ्याचें वाद्य ऐकूं येऊं लागलें. शेजारधर्म म्हणून जी गोष्ट सुरू झाली, तीच पुढें त्यांची शैली ठरली.

एकच कान

याच सुमारास त्यांची गांठ पीटर मूर या ध्वनिमुद्रकाशीं पडली. ध्वनिमुद्रणाची त्या काळची नेहमींची रीत अशी कीं, प्रत्येक वाद्यास एक एक स्वतंत्र मायक्रोफोन लावावा, प्रत्येकाचा आवाज निराळ्या पट्टीवर मुद्रित करावा, आणि मागाहून बसून, हा चढव, तो उतरव, येथील चूक कापून टाक, असें करीत सर्वांचा मेळ घालावा. मूर यास ही रीत पसंत नव्हती. एकाच मायक्रोफोननें सर्व वृंद टिपावा, असें त्याचें मत होतें. त्याच्याजवळ कॅलरेक या इंग्लिश कारखान्याचा एक विशेष मायक्रोफोन होता. १९७० नंतरच्या दशकांत मायकेल गर्झन व पीटर क्रेव्हन या इंग्लिश संशोधकांनीं त्याची कल्पना मांडली होती. भूमितींत आपण चतुष्फलक शिकतों. त्या आकृतीच्या चार पृष्ठांवर चार लहान ध्वनिग्राहक बसवावे, अशी त्याची रचना असते. त्यामुळें आवाज किती मोठा हें तर त्यास कळतेंच. शिवाय तो कोणत्या दिशेनें आला हेंही कळतें.

एकच मायक्रोफोन वापरावयाचा म्हटलें कीं सर्व हिशेब बदलतो. मागाहून चढउतार करण्याची सोय नाहीं. मोठ्या आवाजाचें वाद्य लांब न्यावें, लहान आवाजाचें जवळ आणावें. वितीवितीनें जागा बदलावी, वाजवून पाहावें, पुन्हां बदलावी. एकाची चूक झाली तर सर्वांनीं पहिल्यापासून आरंभ करावयाचा. कोणालाही पुढें घुसतां येत नाहीं. कारण पुढें घुसणारा आपल्या सोबत्यांस झांकून टाकतो, आणि त्या एकाच कानापुढें तें लपत नाहीं.

या रीतीनें १९८६ च्या जून महिन्यांत त्याच मोटारीच्या खोलींत त्यांचा पहिला गीतसंग्रह मुद्रित झाला. मोठ्या कंपनीची वाट न पाहतां त्यांनीं तो 'लेटंट' या आपल्या स्वतःच्या संस्थेमार्फत प्रसिद्ध केला. रॉबर्ट जॉन्सन, जॉन ली हूकर, लाइटनिन् हॉपकिन्स अशा जुन्या गायकांचीं गीतें त्यांत बहुसंख्य असून स्वतःचें गीत एखादेंच होतें.

येथें एक प्रश्न उभा राहतो व तो टाळतां येण्यासारखा नाहीं. मिसिसिपीच्या मळ्यांत ज्यांनीं कधीं कापूस वेंचला नाहीं, अशा टोरोंटोच्या गोऱ्या तरुणांनीं तेथील मजुरांचें दुःख गाऊन दाखवावें काय? दुसऱ्याच्या जखमेचा आपण दागिना करीत नाहीं ना? हा संशय त्या मंडळींच्याही मनांत असावा असें आम्हांस वाटतें. कारण त्या संग्रहास त्यांनीं जें नांव दिलें त्याचा अर्थ 'गोऱ्यांनो, पृथ्वी सोडून चालते व्हा' असा होतो, आणि स्वतः गोऱ्यांनीं तें द्यावें हा स्वतःवरीलच उपहास होय. आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या गाण्याच्या रीतींत आहे. त्यांनीं त्या गायकांच्या घोगऱ्या आवाजाची व उच्चारांची नक्कल केली नाहीं. मूळ कर्त्यांचीं नांवें लपविलीं नाहींत. गति अत्यंत संथ करून, जणूं काय प्रत्येक शब्दाचा अर्थ प्रथमच समजून घेत आहों, अशा वृत्तीनें त्यांनीं तीं गीतें म्हटलीं. दुसऱ्याचें दुःख आपलें म्हणून मिरवणें निराळें, आणि तें अदबीनें ऐकून घेऊन दुसऱ्यांच्या कानीं घालणें निराळें. पहिली चोरी आहे. दुसरी साक्ष आहे.

मंदिर व त्याचा निनाद

पहिल्या संग्रहानंतर वृंदानें अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून दौरा केला. तेथें त्यांचा ग्रामीण गोऱ्या लोकांच्या संगीताशीं, म्हणजे ज्यास 'कंट्री' म्हणतात त्याच्याशीं, निकट परिचय झाला. पुढील संग्रहांत ब्लूजच्या जोडीला हेंही संगीत घ्यावें असें ठरलें. त्यासाठीं मोटारीची खोली पुरेशी नव्हती. त्यांस अशी जागा हवी होती कीं जी स्वतःच एखाद्या वाद्याप्रमाणें निनादेल.

जागा निनादते म्हणजे काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. साधारण उष्णमानांत ध्वनि हवेंतून दर सेकंदास सुमारें ३४३ मीटर वेगानें जातो. दालनांत गायिलेला स्वर प्रथम सरळ आपल्या कानीं येतो. मागोमाग तोच भिंतींवर, छतावर व फरशीवर आपटून परत येतो. आणि हीं प्रतिबिंबें इतकीं दाट असतात कीं तीं सुटीं न वाटतां मूळ स्वराची लांबलेली शेपटीच वाटते. या विषयाचा पाया हार्व्हर्ड विद्यापीठांतील वॉलेस सॅबिन या प्राध्यापकानें घातला. १८९५ सालीं तेथील एका नव्या व्याख्यानगृहांत बोललेलें कांहीं कळेनासें झालें. कारण एकदां उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही व तोंपर्यंत पुढले अनेक शब्द त्यावर येऊन पडत. सॅबिननें रात्रीच्या शांत वेळीं एक ऑर्गनची नळी वाजवून व हातीं घड्याळ धरून तो काळ मोजला. शेजारच्या नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या आणून तो त्या दालनांत मांडी व पुन्हां मोजी. जितक्या गाद्या अधिक, तितका निनाद कमी. त्यावरून त्यानें नियम बसविला कीं, दालनाचें घनफळ जितकें मोठें तितका निनाद लांबतो, आणि ध्वनि शोषणाऱ्या वस्तु जितक्या अधिक तितका तो आंखूड होतो. भरलेलें सभागृह व रिकामें सभागृह यांत टाळी निराळी कां वाजते, याचें उत्तर याच नियमांत आहे.

उंच छताच्या रिकाम्या मंदिरांत निनाद लांब असतो. तेथें जलद व मोठें संगीत वाजविलें तर चिखल होतो. पण संथ व मंद संगीत असेल तर प्रत्येक स्वरास विरून जाण्यास अवकाश मिळतो, आणि पुढला स्वर त्याच्या सावलींत हळूच पाऊल टाकतो. या वृंदाची शैली जणूं अशा जागेसाठींच घडली होती.

त्यांनीं निवडलें तें टोरोंटोच्या मध्यवस्तींतील 'होली ट्रिनिटी', म्हणजे पवित्र त्रैक्य, या नांवाचें अँग्लिकन पंथाचें मंदिर. त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. त्या काळीं अनेक मंदिरांतून बसण्याचीं बाकें भाड्यानें दिलीं जात. ज्यास भाडें परवडेल त्यास पुढची जागा, गरिबास मागची. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यांतील मेरी लँबर्ट स्वेल नांवाच्या बाईची पांच हजार पौंडांची देणगी, नांव प्रगट न करतां, टोरोंटोस आली. तिची अट अशी होती कीं, या मंदिरांतील बाकें सर्वकाळ सर्वांस मोफत असावींत व कोणाच्याही मालकीचीं नसावींत. १८४७ सालीं मंदिर उघडलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत भोंवतालीं ईटन सेंटर ही प्रचंड बाजारपेठ उभी राहूं लागली, तेव्हां मंदिर पाडण्याचा घाट घातला गेला. मंडळीनें विरोध केला आणि तें वांचलें. बाजाराच्या गजबजाटांत शांततेचें एक बेट टिकून राहिलें होतें, म्हणूनच पुढला प्रसंग घडूं शकला.

मंदिर मिळविण्यासाठीं वृंदानें जी युक्ति केली ती मात्र आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. 'काउबॉय जंकीज' या नांवानें विचारल्यास नकार मिळेल या भीतीनें त्यांनीं आपण 'टिमिन्स फॅमिली सिंगर्स', म्हणजे टिमिन्स कुटुंबाचा गायकवर्ग, आहों असें सांगितलें, आणि नाताळानिमित्त रेडिओसाठीं कार्यक्रम मुद्रित करावयाचा आहे असें कारण दिलें. गाणारीं बरीचशीं एका कुटुंबाचीं होतीं, हें खरें. परंतु अर्धें खरें सांगून दुसऱ्याची समजूत फसविली तर तें खोटेंच होय. ही गोष्ट पुढें गमतीची आख्यायिका म्हणून सांगितली गेली व कोणाचें नुकसानही झालें नाहीं. तरी चांगल्या फळावरून वाईट साधन चांगलें ठरत नाहीं, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. ज्या मंदिरानें बाकें सर्वांस मोफत ठेविलीं, त्यानें खऱ्या नांवानें आलेल्या चौघांस खात्रीनें दार लावलें असतें, असें मानण्यास काय आधार?

२७ नोव्हेंबर १९८७

या दिवशीं तें ध्वनिमुद्रण झालें. मंदिराच्या आंत तो एक मायक्रोफोन उभा केला व त्याच्या भोंवतीं सर्वजण वर्तुळाकार बसले. मार्गोचा मंद आवाज वाद्यांत बुडूं नये म्हणून तो एका ध्वनिक्षेपकांतून सोडला गेला, आणि तो ध्वनिक्षेपकही इतर वाद्यांप्रमाणेंच योग्य अंतरावर ठेविला गेला. प्रथम ज्या गीतांस थोडीं वाद्यें लागत तीं घेतलीं, आणि मग एक एक पाहुणा वादक वर्तुळांत येऊन बसूं लागला. हार्मोनिका, अकॉर्डिअन, मँडोलिन, व्हायोलिन, आणि जिचा स्वर रडक्या मुलासारखा घसरत जातो ती पेडल स्टील गिटार, अशीं वाद्यें क्रमानें मिळालीं. जॉन हा टिमिन्स बंधूंपैकीं आणखी एक त्या दिवशीं त्यांच्यांत होता. प्रत्येक नव्या वाद्याबरोबर जुन्यांस थोडें सरकून बसावें लागे. जवळजवळ सर्व संग्रह त्या एकाच दिवसांत पुरा झाला. त्यास 'द ट्रिनिटी सेशन' असें नांव देण्यांत आलें.

त्यांतील गीतांची निवड पाहिली म्हणजे या वृंदाची वृत्ति ध्यानांत येते. हँक विल्यम्स या अल्पायुषी गायकाचें एकाकीपणावरील १९४९ सालचें गीत त्यांत आहे. पॅट्सी क्लाइन हिनें १९५७ सालीं लोकप्रिय केलेलें मध्यरात्रींच्या भटकंतीचें गीत आहे. आणि मंदिराची इमारत बांधणाऱ्या भक्ताचें एक पारंपरिक भक्तिगीतही आहे. लू रीड याच्या 'स्वीट जेन' या गीतास त्यांनीं असें संथ व कोमल रूप दिलें कीं स्वतः रीड यानेंच त्याची वाखाणणी केली. सोबत भावंडांनीं रचलेलीं कांहीं नवीं गीतें आहेत. जुनें कोणतें व नवें कोणतें हें प्रथम ऐकणारास ओळखतां येत नाहीं; जुन्याशीं नवें इतकें एकजीव झालें आहे.

ऐकतांना जो परिणाम होतो तो शब्दांत सांगणें कठीण. तरी प्रयत्न करूं. हिंवाळ्याच्या संध्याकाळीं मोठ्या वाड्यांत एकच दिवा तेवत असावा, त्याच्या उजेडापेक्षां भोंवतालचा काळोखच अधिक जाणवावा, आणि तरीही भीति न वाटतां आधार वाटावा, तसें हें संगीत आहे. दोन स्वरांमध्यें मंदिराची हवा ऐकूं येते. गायिका आपल्यास कांहीं पटवून देऊं पाहत नाहीं. ती आपल्या दुःखाशेजारीं येऊन बसते. ऐकणारास पुढें झुकून कान द्यावा लागतो, आणि ज्यानें कान दिला त्याचें मनही आपोआप तेथें जातें. ओरडून सांगितलेलें मनुष्य ऐकतो. हळू सांगितलेलें तो लक्षपूर्वक ऐकतो.

१९८८ च्या आरंभीं वृंदानें हा संग्रह कॅनडांत स्वतःच प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस आर. सी. ए. या मोठ्या कंपनीनें तो देशोदेशीं पोंचविला. त्याच्या लाखों प्रती खपल्या. दणदणाटाच्या त्या दिवसांत कुजबुजीएवढ्या आवाजाचा संग्रह लोकांनीं आपण होऊन उचलून धरावा, ही गोष्ट संगीतव्यवसायांतील पुष्कळांस चकित करणारी होती.

पुढील वाटचाल

यशाची पुनरावृत्ति हुकमी होत नसते, हा धडा त्यांस लगेच मिळाला. टोरोंटोच्या उत्तरेस शॅरन नांवाच्या गांवीं एक सुंदर जुनें लांकडी मंदिर आहे. 'शांतीचीं लेंकरें' असें नांव धारण करणाऱ्या एका लहानशा ख्रिस्ती पंथानें १८२५ ते १८३२ या काळांत तें बांधलें, आणि हा पंथ आपल्या संगीताबद्दल प्रसिद्ध होता. १९८९ सालीं वृंदानें तेथें तोच एक मायक्रोफोन उभारून नवा संग्रह मुद्रित केला. परंतु त्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. झालेलें काम बाजूस ठेवून त्यांनीं तीं गीतें मुद्रणगृहांत पुन्हां पहिल्यापासून मुद्रित केलीं, आणि १९९० सालीं 'द कॉशन हॉर्सेस' या नांवानें तीं प्रसिद्ध झालीं. शॅरन येथील मूळ मुद्रण लोकांपुढें आलें तें १९२२ सालीं नव्हे, तर २०२२ सालीं, म्हणजे तेहेतीस वर्षांनीं. युक्ति तीच, मंदिर सुंदर, वादक तेच. तरी फळ तेंच मिळेल असा नेम नाहीं. रीतीचा गुलाम न होतां कामाचा विवेक राखणें, हेंच कलावंताचें लक्षण होय.

त्यानंतर मोठ्या कंपन्यांबरोबर त्यांनीं कांहीं वर्षें घालविलीं, व पुढें आपल्या 'लेटंट' या संस्थेकडेच परत वळले. २००६ सालीं, जवळजवळ वीस वर्षांनीं, कांहीं पाहुण्या गायकांसह ते पुन्हां होली ट्रिनिटी मंदिरांत गेले व तीं जुनीं गीतें त्यांनीं नव्यानें मुद्रित केलीं. या वेळीं नांव लपविण्याचें कारण नव्हतें. २०१० ते २०१२ या काळांत त्यांनीं चार संग्रहांची एक मालाच काढली. तिच्यांतील पहिला संग्रह मायकेलच्या चीनमधील वास्तव्यांतून निर्माण झाला, आणि दुसरा व्हिक चेस्नट या दिवंगत मित्राच्या गीतांस वाहिलेला आहे. २०२० सालच्या 'घोस्ट्स' या संग्रहांत मातृवियोगाचें दुःख आहे. २०२३ सालच्या 'सच फेरोशस ब्यूटी' यांत स्मृति हरपत चाललेल्या वृद्ध पित्याची व्यथा आहे. आरंभीं ज्यांनीं दुसऱ्यांचें दुःख अदबीनें गायिलें, त्यांस उत्तर वयांत स्वतःचें दुःखही त्याच संयमानें गातां आलें. दुसऱ्याचें ऐकून घेण्याचा अभ्यास असा आपल्याच उपयोगीं पडतो.

उपसंहार

या हकीकतींतून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? पहिली गोष्ट अशी कीं, अडचण ही पुष्कळदां गुरूचें काम करते. शेजारी कुरकुरले नसते तर ही शैली जन्मास आली असती कीं नाहीं, याची शंकाच आहे. दुसरी गोष्ट, मिळून करावयाच्या कामांत आपला आवाज चढविण्यापूर्वीं दुसऱ्याचा ऐकूं येतो कीं नाहीं हें पाहावें. खेळाचा संघ असो, प्रयोगशाळेंतील जोडी असो, किंवा घरांतील भावंडें असोत, नियम एकच. तिसरी गोष्ट, ज्यांच्यापासून आपण शिकलों त्यांचीं नांवें सांगण्यास कधीं संकोचूं नये. आणि चौथी, चांगल्या कामासाठींही खोट्या नांवानें दार ठोठावूं नये.

शेवटीं एक लहानसा प्रयोग सुचवून आम्ही लेखणी खालीं ठेवतों. शाळेचें सभागृह रिकामें असतांना शिक्षकांच्या परवानगीनें मध्यभागीं उभे राहून एक टाळी वाजवा, आणि आवाज किती वेळ राहतो तें ऐका. मग सकाळच्या प्रार्थनेस सभागृह भरल्यावर सर्वांनीं नेहमींच्या निम्म्या आवाजांत गीत म्हणून पाहा, आणि प्रत्येकानें आपल्या शेजाऱ्याचा स्वर ऐकण्याचा यत्न करा. टाळीनें सॅबिनचा नियम कळेल. त्या निम्म्या आवाजानें जें कळेल तें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत सांपडावयाचें नाहीं.